कौल घेणाऱ्याने काय द्यावे?

मराठीत ‘कौल’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. कोकणात आणि गोव्यात देवाच्या मूर्तीला फुले वा पाकळ्या लावून कौल घेण्याची जुनी रीत आहे. कोणत्या बाजूची पाकळी गळते त्यावरून होकार की नकार ते ठरते. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे ‘जनतेचा कौल’ म्हणतात, तो ह्याच अर्थाने. परंतु मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयवचन. दुष्काळाने वा लष्करी धामधुमीने गाव परागंदा झाले की सरकार कौलनामा देत असे : परत या, जमीन लावा, सारा अमुक इतकाच घेऊ. एका अर्थी कौल घ्यायचा असतो, दुसऱ्या अर्थी तो द्यायचा असतो. लोकांच्या रोजच्या जगण्याविषयी त्यांनाच प्रश्न विचारून मते गोळा करण्याची जी पद्धत आज जगभर रूढ झाली आहे, तिच्यात घेण्याचा कौल उदंड आहे. देण्याचा कितपत आहे? हा प्रश्न संख्याशास्त्राचा नव्हे, नीतीचा आहे. आणि त्याचा अनुभव वर्धा जिल्ह्याला पुरेपूर आलेला आहे.

1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे ठाणे बनले. संघाचे चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबनिसीचे आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले ख्रिस्ती गृहस्थ. (ते कॅथलिक नव्हते, पण प्रभू येशूच्या शिकवणीवर आणि आचरणावर त्यांनी लिहिलेले छोटे पुस्तक आपल्या घरांतूनही वाचले जावे असे आहे.) वर्ध्याला येण्यापूर्वीच त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली होती. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणून 1938-39 मध्ये त्यांनी 606 खेड्यांची माहिती गोळा करविली. कोणता धंदा बुडाला, घाणी किती उरली, घरात धान्य किती महिने पुरते, अशा स्वरूपाचे हे काम. कुमारप्पांनी लोकांच्या मतांपेक्षा त्यांच्या भाकरीची मोजदाद केली, आणि माझ्या मते तेच त्यांचे शहाणपण होते. पण 1939 च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि समितीच्या बहुतेक शिफारशी कागदावर राहिल्या. खेड्यांनी आपले दारिद्र्य उघडे करून दाखविले होते; ते पाहणारे सरकारच उठून गेले.

ह्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी त्याच खेड्यांच्या दारात पुन्हा तक्ते आले. 2003 साली राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने देशभरच्या 6,638 खेड्यांतील 51,770 शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. तीत कर्जाची व उत्पन्नाची चौकशी होतीच, पण एक प्रश्न मनाचाही होता : शेती हा व्यवसाय तुम्हांला आवडतो काय? सुमारे 27 टक्के कुटुंबांनी ती फायद्याची नाही म्हणून आवडत नाही असे सांगितले. आणि सारे मिळून सुमारे 40 टक्के कुटुंबांचे म्हणणे असे की, पर्याय मिळाला तर आम्ही दुसरे काही करू. ‘चाळीस टक्के शेतकरी शेती सोडू इच्छितात’ असे ह्या आकड्याचे रूपांतर व्हायला वेळ लागला नाही. वास्तविक ‘पर्याय मिळाला तर’ ह्या तीन शब्दांतच सगळा अर्थ होता. कोरडवाहू कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला शेती सोडाल काय असे विचारले, तर तो आपले मत देत नसतो. सोडून जाऊ कुठे, हा प्रतिप्रश्न तो होकाराच्या रूपाने विचारत असतो. तक्त्यात प्रतिप्रश्नाला रकाना नसतो.

पिएर बुर्दिय ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकाच्या आरंभी ह्याच दुखण्यावर बोट ठेवले होते. प्रत्येकापाशी मत असतेच, सर्व मते सारख्याच वजनाची असतात, आणि हेच प्रश्न विचारण्याजोगे आहेत ह्यावर सर्वांचे एकमत आहे, अशी तीन गृहीते प्रत्येक जनमतचाचणीत दडलेली असतात, असा त्याचा आक्षेप होता. तिसरे गृहीत मला सर्वांत घातक वाटते. प्रश्न निवडणारा उत्तराचा निम्मा धनी असतो.

आणि उत्तर देणारा तरी मोकळा असतो काय? कैसरिया फिलिप्पीच्या प्रदेशात प्रभूने शिष्यांना आधी लोक काय म्हणतात ते विचारले आणि मग तुम्ही काय म्हणता ते विचारले. पहिल्या प्रश्नाला सर्वांनी भराभर उत्तरे दिली, कारण त्याला मोल पडत नव्हते. दुसऱ्याला एकटा पेत्र बोलला. झेक लोकांचा इतिहास ह्या संदर्भात फार बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच त्यांनी जनमत अजमावणारी संस्था उभारली होती. 1948 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि ते काम बंद पडले, कारण लोकांचे मत काय असावे हे सरकारला आधीच ठाऊक होते. व्हाक्लाव्ह हावेल ह्यांनी 1978 च्या आपल्या निबंधात एका भाजीवाल्याचे उदाहरण घेतले आहे. हा भाजीवाला जगातील कामगारांच्या एकजुटीची पाटी दुकानात लावतो, पण तिच्यावरील मजकुराशी त्याला काही कर्तव्य नसते. त्याला फक्त सुखाने दुकान चालवायचे असते. अशा माणसाचे मत विचारून हाती काय लागणार? आज तेथे मोकळेपणा आहे, पाहण्या नियमित होतात. तरीही 2021 च्या जनगणनेत धर्माचा ऐच्छिक प्रश्न सुमारे 30 टक्के लोकांनी कोराच सोडला. कोरा रकाना हेही एक उत्तर आहे, आणि ते मला अप्रामाणिक वाटत नाही.

आपल्याला इतक्या दूर जाण्याची गरज नाही. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे. तेथे एखाद्या पाहणीवाल्याने घराच्या ओसरीवर, सासऱ्यासमोर सुनेला, घरात कोणी दारू पिते काय असे विचारले, तर ती काय सांगेल हे वाचकांना सांगायला नको.

2006 साली महाराष्ट्र सरकारने आत्महत्याग्रस्त ठरलेल्या सहा जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा. नमुना नव्हे, जवळजवळ प्रत्येक शेतकरी कुटुंब, म्हणजे सतरा लाखांहून अधिक कुटुंबे. त्यांतील चार लाखांहून अधिक कुटुंबे कमालीच्या विपन्नावस्थेत आढळली; तीन लाखांहून अधिक घरांत मुलीबहिणींची लग्ने पैशावाचून अडली होती. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी ह्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आत्महत्या त्यानंतरही होत राहिल्या.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. विचारणाऱ्याने मदतीचा कौल आधीच दिला, तर उत्तरे वाकडी होतात. कर्ज थोडे फुगते, पीक थोडे आटते. हा लबाडीचा भाग नव्हे, गरजेचा आहे. आणि काहीच वचन न देता विचारले, तर ती दुसऱ्याच्या दुःखाची उचल ठरते, जिची परतफेड कोणी करत नाही. अभ्यासक म्हणतात, आमचे काम जाणून घेण्याचे. उपाय करणारे वेगळे. हे अगदीच खोटे नाही. वैद्य आणि औषधविक्रेता एकच असावेत असे कोण म्हणेल? पण वैद्य रोग्याला निदान सांगतो. सतरा लाख घरांपैकी किती घरांना आपल्या उत्तरांचे निदान कळले?

मदतीचे वचन देणे अभ्यासकाच्या हाती नसेल. उत्तर परत आणून देण्याचे वचन त्याच्या हाती असते, आणि त्याने खरेपणाला बाधही येत नाही. 2013 साली कुटुंबविषयक धर्मपरिषदेच्या तयारीसाठी व्हॅटिकनने जगभर प्रश्नावली धाडली, तेव्हा जर्मनी व स्वित्झर्लंडच्या बिशपांनी आपल्या लोकांच्या उत्तरांचा गोषवारा, गैरसोयीच्या भागासकट, प्रसिद्ध केला. इतर काही देशांत तो गुप्त राहिला. महाराष्ट्रात सात-बाराच्या नोंदींचे चावडीवाचन करण्याची पद्धत आहे : तलाठी नोंदी मोठ्याने वाचतो, आणि चूक असेल तर खातेदार तेथेच हरकत घेतो. गावाच्या पाहणीचे आकडे, नावे वगळून, त्याच गावाच्या चावडीवर असे वाचले गेले, तर ‘शेती आवडत नाही’ ह्या रकान्यावर हरकत घ्यायला वर्ध्याच्या खेड्यांत बरेच जण उभे राहतील, आणि त्यांत बायकाही असतील. कारण तक्ता भरताना बहुधा कुटुंबप्रमुखालाच विचारलेले असते.