खाल्ल्या मिठाचा प्रश्न

खाल्ल्या मिठाला जागावें, हा आपल्या समाजांतील सर्वमान्य नीतिनियम आहे. भीष्मासारख्या पुरुषालाही कौरवांच्या अन्नाचें बंधन तोडवलें नाहीं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें मीठ माणसानें स्वतःच्या श्रमानें मिळविलें, त्याचें ऋण त्याच्यावर राहतें काय? पगार घेतला, काम केलें, मुदत संपली, हिशेब चुकता झाला. यापलीकडे निष्ठा म्हणून कांहीं देणें उरतें कीं नाहीं? नोकरीवर चालणाऱ्या प्रत्येक घरांत हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतो. त्याचा विचार करण्यास एका दूरच्या देशांतील उदाहरण उपयोगी पडेल; कारण तेथें हा व्यवहार बंद दाराआड न राहतां लक्षावधि लोकांच्या चर्चेचा विषय होतो. तें उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल ह्या खेळाचें होय.

लंबवर्तुळाकार मैदानावर एका बाजूस अठरा गडी घेऊन खेळला जाणारा हा खेळ मेलबर्न शहरांत वाढीस लागला. त्याचे बहुतेक जुने संघ त्या शहराच्या निरनिराळ्या उपनगरांचे. बापाचा जो संघ तोच मुलाचा, अशी तेथील रीत. 1897 सालीं ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’चे सामने सुरू झाले, तिलाच 1990 पासून ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ म्हणतात. पूर्वी मेलबर्नच्या खेळाडूनें कोणत्या संघांत खेळावें हें बहुधा त्याच्या राहत्या घराच्या पत्त्यावरून ठरे, आणि संघ सोडावयाचा तर त्याच संघाच्या परवानगीचा दाखला लागे. 1930 मध्यें तर एका सामन्यास तीन पौंडांहून अधिक मोबदला देऊं नये, असाही निर्बंध घालण्यांत आला. जन्मभर एकाच संघाचा पोशाख अंगावर वागविणाऱ्या त्या काळच्या खेळाडूंचे गोडवे आजही गाइले जातात. त्यांतील कित्येकांची निष्ठा खरी असेलही. परंतु पिंजऱ्याचें दार बंद असतां पक्षी उडाला नाहीं, ह्यास त्याच्या प्रेमाचा पुरावा कसें म्हणावें?

हें दार उघडलें तें न्यायालयानें. 1982 सालीं साउथ मेलबर्न हा संघ आर्थिक अडचणींमुळें सिडनी शहरीं गेला. तेथें बिऱ्हाड हलविण्यास नाखूष असलेल्या सिल्व्हियो फोस्किनी ह्या तरुण खेळाडूस मेलबर्नमधील सेंट किल्डा संघाकडून खेळावयाचें होतें. पण दाखला मिळेना. 1983 मध्यें व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें लीगचे हे नियम म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेलें गैरवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला. ह्या प्रकरणांतील विसंगति ध्यानांत घेण्याजोगी आहे. जो संघ स्वतः आपलें गांव सोडून गेला, तोच आपल्या खेळाडूस ‘सोडून जाऊं नकोस’ म्हणून अडवीत होता!

पुढें त्याच दशकांत लीगनें प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास मर्यादा घातली, आणि नवे खेळाडू संघांनीं पाळीपाळीनें निवडावे, त्यांत दुर्बळ संघास पहिली पाळी मिळावी, अशी व्यवस्था केली. समतोल राखण्याचा हेतु चांगला. पण त्यामुळें अठरा वर्षांच्या मुलास आपला पहिला संघ स्वतः निवडतां येईनासा झाला. 2012 पासून मात्र एका संघांत आठ वर्षें काढलेल्या खेळाडूस करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली. तो संघांतील मोठ्या वेतनाच्या खेळाडूंपैकीं असल्यास तितकेंच वेतन देऊं करून आडवें येण्याचा हक्क तेवढा जुन्या संघाकडे राहिला.

ह्या मोकळिकीचे दोन दाखले शेजारीं ठेवून पाहावे. 2013 सालीं हॉथॉर्न संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यांत वांटा असलेला लान्स फ्रँकलिन त्यानंतर लगेच नऊ वर्षांच्या व सुमारें एक कोटि डॉलरांच्या करारावर सिडनीस गेला. 2017 सालीं रिचमंडच्या डस्टिन मार्टिननें नॉर्थ मेलबर्न संघाचें अधिक मोठें बोलावणें नाकारून आपल्या संघांतच राहणें पत्करलें, आणि त्याच वर्षीं रिचमंड अजिंक्य ठरला. लोकमत एकास लोभी व दुसऱ्यास निष्ठावंत ठरवूं पाहतें. पण फ्रँकलिननें कोणतें वचन मोडलें? त्याची मुदत पुरी झाली होती, आणि शेवटच्या सामन्यापर्यंत त्यानें आपलें काम चोख केलें होतें. शिवाय फ्रँकलिनला जाण्याची मुभा होती म्हणूनच मार्टिनच्या राहण्याला किंमत आली. जाणें अशक्य असतें, तर राहणें ही केवळ परिस्थिति ठरली असती. त्याला सद्गुण म्हणतां आलें नसतें.

मग करारापलीकडे कांहींच देणें उरत नाहीं काय? मला वाटतें, उरतें. पण तें राहण्याचें नव्हे, सचोटीचें. वेस्टर्न बुलडॉग्ज संघाचा टॉम बॉइड 2016 च्या अजिंक्यपदाचा एक मानकरी. शरीर व मन साथ देईनासें झालें, तेव्हां 2019 मध्यें कराराचीं वर्षें शिल्लक असतांही तो खेळांतून निवृत्त झाला; कागदावर हक्क आहे म्हणून पगार घेत बसणें त्यानें पत्करलें नाहीं. करार सोडूनही माणूस निष्ठावंत राहूं शकतो, तो असा. उलट मुदत चालू असतां दुसरीकडे गुपचूप बोलणीं उरकून सहकाऱ्यांस अंधारांत ठेवणारा खेळाडू, किंवा उमेद ओसरलेल्या गड्यास खोट्या आशेवर झुलविणारा संघ, हे कराराचें प्रत्येक कलम पाळूनही बेइमान ठरतात.

ह्या सर्व व्यवहारांत ज्याच्याशीं कोणीच करार केलेला नाहीं असा एक पक्ष आहे, तो प्रेक्षकांचा. पावसांत भिजत, पराभवामागून पराभव सोशीत तो वर्षानुवर्षें आपल्या संघामागें उभा राहतो. मोबदल्यावांचून दिलेली निष्ठा पाहावयाची असेल तर ती येथें. खेळाडू गेल्याचें दुःख त्याला होणारच, आणि तें सोसण्याची ताकदही त्याच्यांत असते. फसविलें गेल्याचें दुःख मात्र त्याला देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. मिठाचें ऋण श्रमानें फिटतें. विश्वासाचें ऋण कोणत्याही करारांत लिहिलेलें नसतें, म्हणूनच तें फेडण्याची जबाबदारी अधिक मोठी असते. आपल्या घरांतील मुलगा जुनी नोकरी सोडून नवी धरतो, तेव्हां ‘गेलास कां?’ ह्यापेक्षां ‘कसा निघालास?’ हाच प्रश्न वडीलधाऱ्यांनीं त्याला विचारावा, असें मला वाटतें.