तापाची कबुली

देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या अरण्यवेष्टित गावातून, धानाची मळणी आटोपताच नागपूरकडे बांधकामावर जाणाऱ्या एका मिस्त्रीने, २०२१ च्या साथीत मनाला लागलेला सल आपल्या निवृत्त गुरुजींपुढे मांडला.

मिस्त्री: गुरुजी, त्या एप्रिलात हुकूम निघाला की मजूर जागेवरच राहत असतील तरच काम चालेल, म्हणून आम्ही आठजण पत्र्याच्या एका खोलीत राहिलो. एके रात्री अंगात कणकण भरली. पहाटे पॅरासिटामॉलची गोळी गिळली आणि हजेरीच्या वेळी ताप मोजणाऱ्यापुढे कपाळ केले. सांगावे तर काम बंद, आठ घरांची रोजी बंद. न सांगावे तर त्याच आठांच्या जिवाशी खेळ. दिवसभर ओळंबा हातात स्थिर राहीना. तापाने की धास्तीने, कोण जाणे.

गुरुजी: बुडालेली रोजी पुढेमागे भरून निघते, गेलेला प्राण परतत नाही. शिवाय बाधित मजुरास पगारी रजा द्यावी, कामावरून काढू नये, असे त्याच हुकुमात फर्मावले होते.

मिस्त्री: ते मस्टरवर नाव असणाऱ्याला. मला मुकादमाने तोंडी बोलावले, रोख चुकवले. सरकारने दीड हजार रुपये जाहीर केले तेही बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदलेल्यांना. आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराकडे मागावा, तर पुढच्या कामाला बोलावणे येत नाही.

गुरुजी: ठेकेदाराचे राहू दे. खोलीतल्या सातांना तरी सांगायचे होतेस. त्यांच्याशी तुझा जो ऋणानुबंध, तो काही मस्टरवर अवलंबून नव्हता.

मिस्त्री: दुसऱ्या रात्री सांगितले. सगळे म्हणाले, गप्प राहा.

गुरुजी: (क्षणभर थांबून) उपासमार आणि आजार यांतून एक निवडण्यास ज्यांना भाग पाडले गेले, त्यांच्या होकाराला संमती म्हणणे मला जड जाते, आणि फाटकावरच्या चौकीदाराला तर तुम्ही विचारलेही नव्हते. तेव्हा तुझा दोष मी पुसून टाकीत नाही. परंतु सत्य बोलण्याची सारी किंमत ज्याच्या एकट्याच्या पदरी पडते, त्याच्यापेक्षा ती किंमत त्याच्या पदरी टाकणारा अधिक दोषी, हा माझा निवाडा.

मिस्त्री: मग आम्ही करावे काय?

गुरुजी: गप्प राहण्यासाठी आठांचे एकमत झाले ना? आता कामाला हात लावण्यापूर्वी मस्टरवर आठही नावे मागण्यासाठी तेच एकमत करा. एकट्याला मुकादम वगळील, आठांना वगळून त्याची भिंत उभी राहणार नाही.