अग्नॉस्टिक कोणाला म्हणावे?

आस्तिक आणि नास्तिक यांच्यामध्ये घुटमळणाऱ्याला सर्रास ‘अग्नॉस्टिक’ म्हटले जाते. जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्लीने १८६९ मध्ये हा शब्द घडवला तो अशा घुटमळीसाठी नव्हे. १८८९ च्या निबंधात त्याने अग्नॉस्टिक असणे ही एक पद्धत असल्याचे सांगितले: पुरावा नसताना एखादी गोष्ट खात्रीची म्हणून मांडू नये. म्हणजे देव आहे की नाही यापेक्षा, तसे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार कशाने मिळतो, हा प्रश्न आधीचा. (नास्तिकालाही तो तितकाच अडचणीचा.) यावर तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये घेतलेला आक्षेप वजनदार आहे: काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत, न ठरवणे हेही ठरवणेच. मान्य. पण निर्णय घेणे वेगळे, खात्रीचा दावा करणे वेगळे. ठाऊक नसतानाही माणूस प्रार्थना करू शकतो. हक्स्लीची कसोटी लागते ती त्याच्या दाव्याला.