काचेखालचे रंग
कॅनडातील नायगारा फॉल्स या शहरात उष्ण कटिबंधातील जीवसृष्टी दाखवणारी दोन बंदिस्त उद्याने आहेत : एक वनस्पती उद्यानाच्या आवारात १९९६ साली उघडलेले, सुमारे २,००० फुलपाखरे मोकळी सोडलेले काचघर आणि दुसरे धबधब्याजवळचे, पक्ष्यांसाठीचे ‘बर्ड किंगडम’. बाहेर बर्फ साचलेले असताना आतल्या दमट उबेत पाऊल टाकणाऱ्याला विषुववृत्तीय जंगल गवसल्याचा आनंद होतो, आणि तो आनंद खराच असतो. मात्र जंगलात एकाच झाडावर वावरणारे हे दोन जीव येथे वेगवेगळ्या छपरांखाली आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. कीटकभक्षी पक्षी फुलपाखरांमध्ये सोडले, तर काही दिवसांतच फुलपाखरे उरणार नाहीत, हे त्यामागचे उघड कारण आहे. जेथे दोघांना एकत्र ठेवतात तेथेही बहुधा जमिनीवर दाणे आणि मुंग्या टिपत फिरणाऱ्या लहानशा लाव्यांचीच निवड केलेली असते.

ही ताटातूट व्यवस्थेच्या दृष्टीने अपरिहार्य असली, तरी तिच्यामुळे जे हरवते ते थोडेथोडके नाही, कारण फुलपाखराच्या पंखांवरील रंगांना आकार देण्यात पक्ष्यांच्या नजरेचा वाटा फार मोठा आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे कीटक गोळा करून परतलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये असे मांडले की, काही रुचकर फुलपाखरे बेचव किंवा विषारी जातींसारखी दिसतात आणि त्या साम्यामुळे पक्ष्यांपासून बचावतात. या प्रकाराला ‘बेट्सीय अनुकरण’ म्हणतात. याचे उदाहरण महाराष्ट्रातील परसबागेतही सापडते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन या जातीच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात, आणि कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीची पाने खाऊन त्यातील विषारी द्रव्ये अंगात साठवते. एकदा कॉमन रोझ तोंडात धरून पस्तावलेला पक्षी पुढे दोघींनाही टाळतो. काचघरात सर्वांच्या नजरा ज्याच्यावर खिळतात त्या दक्षिण अमेरिकेतील मॉर्फोचा झगझगीत निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून पंखांवरील खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो. पण हेच फुलपाखरू पंख मिटून बसले की डोळ्यांसारखे ठिपके असलेली तपकिरी बाजू तेवढी दिसते आणि छायाचित्र टिपायला आलेला प्रेक्षक हिरमुसतो. वास्तविक त्या तपकिरी बाजूतच त्याच्या जगण्याची युक्ती आहे, आणि ती ज्याच्याविरुद्ध योजलेली आहे तो पक्षी मात्र तेथे नसतो.

अळ्याही तेथे क्वचितच दिसतात. फुलपाखराला मकरंद किंवा पिकलेली फळे चालतात, परंतु त्याची अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते. या वनस्पतींना खाद्यवनस्पती म्हणतात. त्या लावल्या तर अळ्या शोभेची हिरवाई ओरबाडून टाकतील, शिवाय परदेशी जाती बाहेर निसटून पिकांवर पसरण्याचे भय असते. म्हणून अनेक काचघरांत जन्माचा हा भाग दूर देशी सोपवलेला असतो आणि तेथून कोष मागवले जातात. कोषाला अन्न लागत नाही, त्यामुळे तो खोक्यात भरून विमानाने पाठवता येतो.

हा व्यापार ऐकताना खटकतो, तरी त्याच्याकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल. केनियाच्या किनाऱ्यालगतचे आराबुको-सोकोके हे पूर्व आफ्रिकेतील किनारी वनांचे एक मोठे शिल्लक क्षेत्र आहे, आणि त्याच्या कडेने राहणाऱ्या शेतकऱ्यांना हत्ती-माकडांकडून पिकांची नासाडी सोसावी लागत असल्याने जंगल तोडून शेतीला जमीन द्यावी, अशी मागणी जोर धरत होती. १९९३ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘किपेपेओ’ प्रकल्पात हे शेतकरी जंगलातून थोडी फुलपाखरे आणून जाळीच्या पिंजऱ्यांत त्यांची अंडी मिळवू लागले, अळ्या वाढवू लागले आणि त्यांचे कोष युरोप-अमेरिकेतील काचघरांना विकले जाऊ लागले. उभ्या जंगलातून घरात पैसा येऊ लागल्यावर त्या जंगलाकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली. म्हणूनच काचघरातील सर्वांत मोलाची जागा फुलांचे ताटवे नसून कोष टांगलेली पेटी ही होय, आणि तिच्यावरील पाटीत जातीच्या नावाखाली ती अळी कोणत्या पानावर पोसली, कोणत्या वनाच्या कडेला वाढली आणि तेथे तिला टिपणारे पक्षी कोणते, हे लिहिलेले असलेच पाहिजे.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडी या फुलपाखरांच्या बागेला तर छप्परच नाही. खाद्यवनस्पती आणि मकरंदाची झाडे लावलेल्या त्या बागेत फुलपाखरे आपणहून येतात, अंडी घालतात, आणि पक्ष्यांनाही तेथे मज्जाव नाही. परिणामी एखाद्या दिवशी पाहणाऱ्याच्या वाट्याला फारच थोडी फुलपाखरे येतात, आणि तो त्या भेटीचा उणेपणा मानण्याचे कारण नाही.