न ठरवलेली चढाई

दुपारी मनात यावे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत असावे, अशी डोंगराची चढाई सह्याद्रीत मोजक्याच ठिकाणी साधते. सिंहगड त्यांतला सर्वांत सोयीचा. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर, भुलेश्वर रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर हा गड उभा आहे. ईशान्येला पायथ्याशी आतकरवाडी आहे. तिथून डोंगराच्या सोंडेवरून जाणारी पायवाट सुमारे ६०० मीटर उंची चढून गडावर पोचते. याच डोंगराची इतिहासप्रसिद्ध चढाई मात्र अवचित नव्हती आणि दिवसाचीही नव्हती. ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी कडा निवडून, वेळ साधून कोंढाणा, म्हणजे हाच गड, घेतला. आजच्या हौशी माणसाला यातले काहीच ठरवावे लागत नाही, आणि प्रश्न उभा राहतो तो तिथेच: काहीही न ठरवता डोंगरावर जाणे हा बेजबाबदारपणा की शहाणपण?

अशा जाण्याला कार्तिकाचा उत्तरार्ध सर्वांत अनुकूल. ऑक्टोबरात मोसमी पाऊस महाराष्ट्रातून माघारी फिरतो, वाटेवरचे शेवाळ वाळते, निसरड्या कातळावर पाय धरू लागतो. सोनकीचा पिवळा बहर ओसरलेला असतो आणि उतारांवर गवत वाळून करडे-सोनेरी झालेले असते. त्यातली कुसळे मोज्यांत शिरून घरापर्यंत सोबत करतात. वणव्यांचे दिवस अजून पुढे असतात. पुण्यात दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. कोरडी हवा वर जाताना दर १०० मीटरला जवळपास एक अंशाने थंड होते, म्हणजे माथ्यावर खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी. चढणाऱ्याला हा फरक सुखाचा वाटतो, पण तो चालत असेपर्यंतच.

ऋतू उदार असला तरी दिवस कंजूष असतो. पुण्यात वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो, सहाला दोन-चार मिनिटे कमी असताना. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार वर्षभर एकमेकांच्या पुढेमागे सरकत राहतात. त्यात संधिप्रकाशही आखूड. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, आणि सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत वाटेवरचा दगड आणि त्याची सावली वेगळी ओळखू येत नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला. सपाटीवर पाच किलोमीटरना एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. आतकरवाडीची वाट तीन किलोमीटरांच्या आतली आहे, म्हणजे धडधाकट माणसाला दीड तास पुरतो. नवख्याने दोन धरावेत. तीन वाजता पायथा सोडणारा पाचच्या आत वर पोचतो आणि उतरायला जेमतेम उजेड उरतो. चारला निघालेल्याचा हिशेब बसत नाही. सगळ्या बेतात पाळण्यासारखे वेळापत्रक एवढेच, आणि ते आधी कुणाला आखावे लागत नाही. सूर्य ते आखून देतो.

या वाटेचा आणखी एक स्वभाव आहे. ती ईशान्येकडच्या उताराने चढते आणि नोव्हेंबरात दुपारचा सूर्य नैर्ऋत्येला असतो. त्यामुळे दुपार कलली की डोंगर स्वतःच वाटेवर सावली धरतो. चढताना ही सावली हवीशी असते. उतरताना तिचाच अर्थ असा होतो की इथे अंधार पुण्याच्या आधी पडतो. खाली खडकवासल्याचे पाणी अजून चमकत असते आणि वाटेवर मात्र बॅटरी लागते.

सोंडेच्या पोटात, झाडोऱ्याच्या आड, हवा जवळजवळ स्थिर असते. धारेवर आले की वारा एकदम अंगावर येतो, आणि याचे कारण दख्खनच्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार झाले. दोन्ही बाजूंच्या ओढ्यांनी त्यांना मागे मागे खात नेले आणि मध्ये चिंचोळी धार उरली. खुल्या मैदानावरून येणारा वारा अशा धारेला अडला की वर चढतो, माथ्यावर त्याला वाट अरुंद होते आणि तो वेग घेतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. म्हणून खाली केवळ पाने हलत असताना वर टोपी धरावी लागते. उन्हाने तापलेल्या उतारावरून वर सरकणारी हवाही या वाऱ्याला मिळते. हिवाळी पाहुणा असलेला केस्ट्रेल नावाचा छोटा शिकारी पक्षी याच उसळत्या हवेवर, वाऱ्याकडे तोंड करून, एका जागी तरंगत गवतातले भक्ष्य शोधतो. माणसाला तो वारा दोन मिनिटे मोहवतो, मग घामाने भिजलेला सदरा गार पडू लागतो. नोव्हेंबरातही पिशवीत एक जादा कपडा असावा, असे जाणते म्हणतात ते त्यामुळे.

हवा स्वच्छ असेल तर धारेवरून नैर्ऋत्येला राजगड आणि तोरणा दिसतात, आग्नेयेला पुरंदर. ईशान्येला पुण्यावर तपकिरी धूसर थर असतो. संध्याकाळी जमीन लवकर निवते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडते, आणि शहराचा धूर तिच्यात अडकून पडतो. धार त्या थराच्या वर असते.

आता मूळ प्रश्न. न ठरवलेल्या चढाईवर पहिला आक्षेप धोक्याचा. तो अर्धाच खरा आहे. महिनाभर आधी ठरलेल्या मोहिमेत रजा, गाडीभाडे, वर्गणी, दहाजणांचा शब्द आणि इतरांपुढे मारलेली बढाई गुंतलेली असते. तिथून मागे फिरणे म्हणजे नुकसान, म्हणून ढग पाहूनही माणसे पुढे रेटतात. अवचित निघालेल्याचे काहीच गुंतलेले नसते. अर्ध्या वाटेवर पाणी संपले, गुडघा बोलू लागला, ऊन उतरले, तर तो वळतो आणि त्याचे काही बिघडत नाही. हा फायदा मोठा आहे, पण तो टिकतो कुठवर? माथा हे ध्येय नसते तोवर. ‘आता इतके आलोच आहोत तर’ हे वाक्य मनात उमटले की बेत नसलेल्या माणसाचा बेत वाटेतच तयार होतो, आणि तो सर्वांत वाईट प्रकारचा बेत असतो: ध्येय आले, तयारी मात्र आली नाही. धोका न ठरवण्यात कमी आणि उशिरा ठरवण्यात जास्त आहे.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अवचित जाणाऱ्याचा मोकळेपणा इतरांच्या नेमावर उभा असतो. दर रविवारी पहाटे गड चढणाऱ्या पुणेकरांच्या पायांनी वाट मळलेली असते. पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया-माणसे ताक, लिंबू सरबत, मडक्यातले दही घेऊन बसतात, म्हणून एका बाटलीवर निघालेला निभावतो. माथ्यापर्यंत मोटाररस्ता आहे, शेअर जीप मिळते, म्हणून अंधारात अडकलेल्याला दुसरी वाट आहे. शहरातल्या माणसाने आपल्या लहरीचे कौतुक करताना ही उसनवारी विसरू नये. आडवारी दुपारी ताकवाली वाटेवर असेलच असे नाही.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड, हे अनुभवी माणसे सांगतात आणि शरीरशास्त्रही तेच सांगते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. दुसऱ्या दिवशीचा ठणका मुख्यतः त्याचा. कोरड्या हंगामात मुरमाचा घसारा पायाखालून सरकतो. तिथे पाऊल लहान ठेवावे आणि घाई टाळावी. घाई टाळता यावी म्हणूनच वर बसण्याची वेळ खालूनच कापून आणावी लागते.

हा सगळा हिशेब सिंहगडाला लागू आहे, साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला आणखी सैलपणे लागू आहे, कारण तो शहराच्या अंगावरच आहे. राजगडाला तो लागू नाही. तिथे पायथा गाठण्यातच दुपार संपते. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने जायचे तर ठरवूनच, सोबत घेऊन आणि पहाटे निघावे लागते.