जिन्यातला मोर

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ओळखीचं एक घर आहे. खाली माग, वर बिऱ्हाड आणि मधे शहाबादी फरशीचा अरुंद जिना. माग चालू असला की पायरीवर टेकलेल्या तळव्याला त्याची धडधड लागते. या जिन्याच्या भिंतीवर घरच्या मुलानं हौसेनं फोटो लावले होते. काचेच्या फ्रेमा, पायऱ्यांच्या चढाबरोबर वर वर जाणाऱ्या, हल्ली सगळीकडे लावतात तशा. सकाळी सरळ केलेली फ्रेम संध्याकाळपर्यंत मान वाकडी करायची. शेवटी एक पडून फुटलीच.

"माग थांबवू का फोटो काढू, तुम्हीच सांगा की अक्का," घरची बाई मला म्हणाली. फोटो निघाले.

त्या जागी आता मागावर विणलेलं चित्र आहे, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. वर-खाली काठी घातलेलं कापडच ते. कितीही हादरलं तरी त्याला काय होणार?

सोलापूरला कापडावर असं चित्र विणणं नवं नाही. वॉल हँगिंगवर देव, पुढारी, लग्नाच्या जोड्या, सगळे उतरलेले आहेत. ही करामत जेकार्डची. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कुठला धागा उचलायचा ते ठरवते. या यंत्राला ज्याचं नाव मिळालं त्या जोसेफ मारी जाकारचं रेशमी चित्र १८३९ मध्ये फ्रान्समधल्या ल्योनला विणलं, तेव्हा म्हणे चोवीस हजार पुठ्ठे लागले. गणकयंत्राच्या कल्पनेनं झपाटलेल्या चार्ल्स बॅबेजनं त्यातलं एक चित्र मिळवलं आणि लंडनच्या आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो ते कौतुकानं दाखवत असे. आमच्याकडे तीच विद्या जिन्यात टांगलेली असते आणि पाहुणा चहा पिऊन निघून जातो.

घरी येऊन मीही शहाणी झाले. कडेनं विरलेली जुनी सोलापुरी चादर होती. चांगला भाग कापला, कडा दुमडून शिवल्या आणि तो जिन्याच्या कठड्याच्या गजांना बाहेरून बांधला, हाताची पट्टी मोकळी ठेवून. चादर दुपदरी विणीची, म्हणून नक्षी दोन्हीकडून दिसते, पण रंग उलटे. खाली बसलेल्याला लाल जमिनीवर पांढरा मोर, जिना चढणाऱ्याला पांढऱ्यावर लाल. इतकी वर्षं ती पांघरली, पण हे लक्षात आलं नव्हतं. पांघरुणात माणूस एका बाजूलाच असतो ना.

पायऱ्यांवर कुंड्या मांडण्याचं खूळ मला पटत नाही. पाणी जपून वापरणारं गाव आपलं, त्यात एप्रिल-मेचं ऊन. महिन्याभरात जिन्यावर वाळक्या काड्या उरतात. शिवाय अर्धी पायरी कुंडीनं खाल्ली की गुडघे दुखणाऱ्या माणसानं चढायचं कुठून? पायऱ्यांच्या उभ्या बाजूला रंग द्यावा, फरशीचे तुकडे बसवावेत, हौस तिथे पुरवावी. खालून पाहणाऱ्याला तेवढीच बाजू दिसते आणि पाय काही तिच्यावर पडत नाही.

जुन्या बायकांना हे न सांगता कळत होतं. दिवाळीत पणती पायरीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, रांगोळीची वेल कडेनं. मधे काढायची ती फक्त भाद्रपदात, लक्ष्म्या येताना, पावलं. नवी सून असताना मी ती घाईत वरून काढत खाली आले. सासूबाई खालच्या पायरीशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "लक्ष्मी घरात यायलीय का घरातून निघालीय?" सगळ्या पायऱ्या पुसून पुन्हा काढल्या, अंगठे वरच्या बाजूला करून.

आता उन्हाळा लागलाय. रात्री नऊ वाजले की गाद्या, उशा, पाण्याचा तांब्या घेऊन घर गच्चीवर निघतं. डोक्यावर वळकटी घेतलेल्याला पायरी दिसत नाही, तो पायानंच चाचपतो. म्हणून मोर कठड्यावर आहे आणि पायऱ्या मी रिकाम्या ठेवल्यात.