संमती कोणाच्या हितासाठी?

अल्पवयीन मुलास पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही संशोधनात सहभागी करून घेऊ नये, हा नियम सामान्यतः सर्वमान्य आहे. त्यामागील विचारही सरळ आहे. मुलाला स्वतःचे हिताहित पुरते उमगत नाही. ते ज्यांना उमगते आणि ज्यांना त्याची सर्वाधिक काळजी असते, असे आईवडील त्याच्या वतीने निर्णय घेतात. म्हणजे पालकांचा हा अधिकार स्वयंभू नाही. मुलाचे रक्षण या हेतूतून तो जन्मास आला आहे. मग संमती मागणे हेच जेथे मुलाला संकटात लोटणारे ठरते, तेथे या अधिकाराचे काय करावे?

हा प्रश्न केवळ कल्पनेतील नाही. अमेरिकेत मिशेल इबारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी समलिंगी व उभयलिंगी आकर्षण असलेल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलग्यांसाठी एचआयव्ही प्रतिबंधाचा एक कार्यक्रम आखला. त्याच्या चाचणीत ३०२ मुलगे सहभागी झाले. सारे शिक्षण मोबाइलवरील लघुसंदेशांतून चाले आणि प्रत्येकाला त्याच्यासारखाच एक सोबती जोडून दिलेला असे. येथे पालकांची परवानगी मागायची, तर मुलाला आधी घरी स्वतःविषयी सर्व उघड करावे लागले असते. असे उघड झाल्यामुळे घराबाहेर काढली गेलेली मुले त्याही देशात आहेत. म्हणून ही अट वगळण्यात आली. परवानगीच्या अटीने मुलाचे रक्षण साधत नसेल तर ती वगळण्याची तरतूद तेथील संघीय नियमांत आहेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष संमिश्र होते. लैंगिक संबंधांचा अनुभव असलेल्या मुलांत एचआयव्हीची चाचणी करून घेण्याचे प्रमाण वाढले. कंडोमविना होणाऱ्या संबंधांत मात्र दोन गटांमध्ये फरक आढळला नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पालकांच्या नकळत मुलाशी अशा विषयावर बोलणे म्हणजे त्याला लपवाछपवी शिकविणे होय. परंतु लपविण्याचा धडा त्या मुलाने मोबाइलवर गिरविलेला नसतो. जेवताना झालेली थट्टा, शेजारच्या कोणाविषयी काढलेले तुच्छतेचे उद्गार यांतून तो घरातच शिकलेला असतो. ज्यांनी तोंड मिटावयास लावले, त्यांनीच पुढे मौनाचा दोष द्यावा, हे न्याय्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्याआड बोलणारा प्रत्येक जण हितचिंतक नसतो. एकाकी मुलाचा गैरफायदा घेणारेही तेथेच वावरतात. हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, पालकांचा पहारा जेथे उठतो, तेथे दुसरा जबाबदार पहारा बसला पाहिजे. मुलाला सर्व नीट समजले आहे की नाही, त्याचा मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हाती पडतो काय, याची विचारपूस करणे आणि योजनेची तपासणी तटस्थ समितीने करणे, ही त्याची रूपे होत. ज्ञानच रोखून धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कारण विषाणू परवानगीसाठी थांबत नाही.

आपल्या देशाला हा विचार परका नाही. २००१ मध्ये लखनौ येथे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली आणि दीड महिन्याहून अधिक काळ त्यांना तुरुंगात काढावा लागला. जीव वाचविणारी माहिती तेव्हा गुन्ह्याचा पुरावा मानली गेली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याचे भय त्यामुळे सरले. घराचे भय सरले, असे मात्र म्हणवत नाही, आणि न्यायालयाच्या निकालाने ते सरणारही नाही.

तेव्हा पालकांचा अधिकार कोणी हिरावून घेतला, असे समजण्याचे कारण नाही. मुलाला निर्भयपणे बोलता येईल अशा घरात तो अबाधितच असतो. तेथे संमती मागणे सोपे आणि देणेही सोपे. लघुसंदेश रोगापासून कसे वाचावे ते सांगू शकतो. चाचणीच्या दिवशी खांद्यावर हात ठेवू शकत नाही. ते काम घराचे आहे. घर त्यासाठी सिद्ध होईपर्यंत, अनोळखी हातांनी दिलेल्या माहितीला अनीती ठरविण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.